रुग्णालयातल्या मृत्यूबद्दल दावा लावायचा असेल तर: पहिल्या दिवसापासून ग्राहक आयोगाच्या आदेशापर्यंत

अंत्यसंस्कार झाल्यावर शवविच्छेदन होत नाही. बरेच दावे इथेच लंगडे पडतात. घरचे सुन्न असतात, मोठी माणसं "आता कापाकापी नको" म्हणतात आणि मृत्यूच्या खऱ्या कारणाचा सर्वांत भक्कम पुरावा स्मशानात जातो. मागे उरतं ते रुग्णालयानेच फॉर्म ४ वर, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर, लिहिलेलं कारण, आणि तिथे अनेकदा "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" एवढंच असतं. हृदय आणि श्वास बंद पडणं हे काही मृत्यूचं कारण नव्हे, तो मृत्यूच झाला.

म्हणून संशय असेल, विशेषतः मृत्यू शस्त्रक्रियेदरम्यान, भूल दिल्यावर किंवा एखाद्या इंजेक्शननंतर लगेच झाला असेल, तर मृतदेह ताब्यात घेण्याआधी रुग्णालय ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे लेखी अर्ज द्या. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात आणि देह शवविच्छेदनाला पाठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ त्यासाठीच आहे. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट मागा: शवविच्छेदन दुसऱ्या, सरकारी रुग्णालयात व्हावं, त्याचं व्हिडिओ चित्रीकरण व्हावं, व्हिसेरा (आतल्या अवयवांचे भाग) आणि हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) यांसाठी नमुने राखावेत. पहिल्या अहवालात "मत राखून ठेवले" असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर अंतिम मत येतं. मात्र त्याला महिने लागू शकतात आणि पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या.

बिल थकलं म्हणून देह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीत रुग्ण हक्कांची सनद आहे, तिच्यात हे येतं. आणि कोणी कितीही भडकलेलं असो, काच फुटू देऊ नका. राज्याच्या २०१० च्या कायद्याने रुग्णालयातली तोडफोड आणि डॉक्टरांवरचा हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. पुढे प्रत्येक तारखेला समोरचा वकील तीच फिर्याद पुढे करत राहील.

शवविच्छेदन झालं नसेल तर दावा संपला असं नाही. मग सगळा भार कागदांवर येतो.

कागद कोणते, कसे मागायचे

रुग्णालय हातात देतं ती असते डेथ समरी, दीड-दोन पानांची. ती मृत्यूनंतर लिहिलेली असते, म्हणून पुरावा म्हणून सगळ्यांत कमी कामाची. तुम्हाला हवेत ते संपूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे रुग्ण दाखल असतानाच्या सगळ्या नोंदी. अर्जात नावानिशी लिहा: दाखल करतानाच्या नोंदी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, औषधांचा चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट, आयसीयू आणि व्हेंटिलेटरचा चार्ट, संमतीपत्रं, भूलतज्ज्ञाची आणि शस्त्रक्रियेची नोंद, रक्त दिलं असल्यास त्याचा फॉर्म, ईसीजीच्या मूळ पट्ट्या, एक्स-रेच्या फिल्म, सीटी-एमआरआयची सीडी, तपशीलवार बिल आणि औषधांची बिलं. नुसते "सर्व कागद" मागितले की निम्मेच मिळतात.

मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ते जपून ठेवावे लागतात. अर्ज जवळच्या वारसाने सही करून द्यावा. एक प्रत आवक शिक्का मारून घ्यावी, दुसरी स्पीड पोस्टाने आणि तिसरी ईमेलने पाठवावी. मृत्यूचा दाखला अजून मिळाला नाही म्हणून थांबू नका. मिळालेल्या प्रत्येक पानावर रुग्णालयाचा शिक्का आणि पान क्रमांक घ्या, म्हणजे मागाहून एखादं पान उगवणार नाही. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते राखून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या आठवड्यातच करा.

मेडिक्लेम असेल तर आणखी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना सुचते. कॅशलेस मंजुरीसाठी रुग्णालयाने टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) वेळोवेळी कागद पाठवलेले असतात, तेही रुग्ण जिवंत असताना. विमा कंपनीकडून ती फाइल मागवा आणि रुग्णालयाच्या प्रतीशी पानोपान ताडून पाहा. दोन्हींत फरक निघाला तर तज्ज्ञाच्या मताइतकंच वजन त्याला येऊ शकतं.

वकिलाकडे जाण्याआधी स्वतः एक तक्ता करा: वेळ, कुठल्या कागदावर, काय लिहिलंय, कोणाची सही. नर्सच्या चार्टवर ऑक्सिजन रात्री २:१० ला घसरलाय आणि डॉक्टरची नोंद थेट ३:४० ची आहे, तर मधले दीड तास हाच तुमचा खटला. खाडाखोड, एकाच शाईत एका दमात लिहिल्यासारख्या तीन दिवसांच्या नोंदी, कोरं संमतीपत्र, बिलात तज्ज्ञाच्या चार व्हिजिट पण केस पेपरात त्यांची एकच नोंद, बिलात लागलेलं पण चार्टवर न दिलेलं इंजेक्शन: हे सगळं तक्त्यात उतरवा. संमतीपत्राकडे नीट पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हटलं आहे की एका प्रक्रियेला दिलेली संमती, जिवावरचा प्रसंग नसेल तर, दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही.

चूक आणि मृत्यू यांचा सांधा

दावे हरतात ते मुख्यतः इथे. रुग्ण दगावला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं कायदा मानत नाही. निदान चुकलं, एवढंही पुरत नाही. सामान्य कौशल्याचा, त्याच शाखेचा डॉक्टर तसं वागला नसता, आणि तुमचा डॉक्टर तसा वागला नसता तर मृत्यू टळला असता, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. दुसरी राहून जाते.

याचा जुना दाखला पुण्याचा आहे. १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात २० वर्षांच्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्यातल्या डॉक्टरने पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि मुलगा शॉकने गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ३,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. तिथे कृती आणि मृत्यू यांची साखळी अखंड जुळत होती. कधीकधी वस्तूच बोलते: १९६३ मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाईंच्या पोटात टॉवेल राहिला, त्यात त्या गेल्या. त्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. अशा ठिकाणी तज्ज्ञाची गरज पडत नाही. २०१० च्या व्ही. किशन राव निकालानेही सांगितलं आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही.

तरीही बाकीच्या प्रकरणांत मत घ्याच. त्याच शाखेचा, शक्यतो दुसऱ्या शहरातला डॉक्टर शोधा. एकाच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध सही करायला नाखूश असतात. "चूक झाली का?" असं मोघम विचारू नका. "२:१० ला ही लक्षणं असताना कोणत्या तपासण्या आणि कोणते उपचार किती वेळात व्हायला हवे होते? ते झाले असते तर रुग्ण वाचण्याची शक्यता किती?" असं विचारा. कोणी मिळालंच नाही, तर आयोगाला अर्ज करून कागद सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवून घेता येतात. पण समितीला प्रश्न काय पाठवायचे हे अर्जात तुम्हीच लिहून द्या, नाहीतर उत्तर गोलमोल येतं.

कुठे जायचं

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरचा परवाना निलंबित व्हावा असं वाटत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. पण कौन्सिल भरपाई मिळवून देत नाही. फौजदारी मार्ग कठीण आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार घोर हलगर्जीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं स्वतंत्र मत लागतं. हे मार्ग एकाच वेळी चालू शकतात. मात्र कौन्सिल किंवा पोलीस तक्रार चालू आहे म्हणून ग्राहक आयोगाची मुदत थांबत नाही. "आधी कौन्सिलचा निकाल येऊ दे" म्हणून थांबलेल्यांची मुदतीची दोन वर्षं अशीच जातात.

सगळ्यांवर मोफत उपचार करणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका. खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात इतर रुग्ण पैसे भरत असतील, तर मोफत खाटेवरच्या रुग्णाचे वारसही ग्राहक ठरतात, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरलेलं आहे. विम्याने बिल भरलं असलं तरी चालतं.

तक्रार दाखल करताना

मुदत २ वर्षं, सहसा मृत्यूच्या तारखेपासून. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज आणि पटण्याजोगं कारण लागतं. तक्रार वारस करतो. पत्नी, मुलं, आई-वडील सगळ्यांना तक्रारदार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, रुग्णालयाच्या गावी जावं लागत नाही.

कोणता आयोग, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर भरलेल्या बिलावर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. शुल्कही त्यावरच. ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. वकील सक्तीचा नाही. पण वैद्यकीय प्रकरणात घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. स्त्री तक्रारदाराला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

विरुद्ध पक्षात रुग्णालय, उपचार करणारे डॉक्टर आणि माहीत असल्यास त्यांची विमा कंपनी घाला. कोणता डॉक्टर चुकला हे कळत नसेल तर रुग्णालयाला धरा. सविता गर्ग निकालानुसार (२००४) डॉक्टरचं नाव नसल्याने तक्रार पडत नाही. आरोप सुटे सुटे, क्रमांकाने, प्रत्येकाखाली केस पेपरचं पान लिहून मांडा. "अमानुष", "कसाई" असे शब्द गाळा.

भरपाईचा आकडा हवेत टाकू नका. उदाहरणार्थ, मृताचं वय ३८, कायम नोकरी, पगार महिना ४०,०००. वर्षाचे ४,८०,०००. पुढच्या पगारवाढीपोटी ५० टक्के धरून ७,२०,०००. तिघे अवलंबून असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा: ४,८०,०००. या वयाचा गुणक (वार्षिक रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा) १५, म्हणजे ७२ लाख. त्यात बिल, मानसिक त्रास, तक्रारखर्च आणि व्याज. हा हिशेब मोटार अपघाताच्या निकालांतला आहे, वैद्यकीय प्रकरणात तो बांधील नाही. कुणाल साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हणत सुमारे ६ कोटी रुपये आणि व्याज दिलं. तिथे १९९८ च्या मृत्यूचा निकाल २०१३ मध्ये आला, हेही लक्षात असू द्या. पगारपत्रकं, आयकर विवरणं आणि शिधापत्रिका जोडा. गृहिणीच्या श्रमाचीही किंमत मागा.

नोटीस मिळाल्यावर रुग्णालयाला उत्तरासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, म्हणून ४६ व्या दिवशी लेखी जबाब आला तर लगेच हरकत घ्या. पुरावा शपथपत्रावर होतो आणि उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीने. कायद्यात ३ ते ५ महिने म्हटलेत, प्रत्यक्षात वर्षं लागतात. मध्येच तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो आयोगाच्या मध्यस्थीतून लेखी घ्या. परस्पर दिलेल्या "हक्कसोड" कागदावर सही करू नका.

आदेश तुमच्या बाजूने लागल्यावर रुग्णालय ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतं, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात वसुलीचा अर्ज टाका. आदेश न पाळणाऱ्याला ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आदेशाची प्रमाणित प्रत निकालाच्या आठवड्यातच काढून ठेवा.