कॅनडातलं परमिट: तारखांकडे लक्ष ठेवा

नव्याने येणाऱ्या मुलांना मी आधी हेच सांगते: व्हिसा आणि स्टडी परमिट वेगळे. पासपोर्टवरचा व्हिसा देशात शिरण्यापुरता. राहायचा, शिकायचा हक्क मिळतो तो परमिटच्या कागदावर. परमिट चालू असताना व्हिसा संपला तर घाबरू नका. बाहेर जाऊन परत यायचं असेल तरच नवा लागेल.

विमानतळावर परमिट हातात पडलं की काउंटरवरून लगेच हलू नका. नावाचं स्पेलिंग, मुदतीची तारीख आणि कॅम्पसबाहेर काम करता येईल ही ओळ, तिन्ही तिथेच वाचा. चूक दिसली तर त्याच अधिकाऱ्याला दाखवा, मागे रांग कितीही असो.

सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम. मालक कितीही आग्रह करो, जास्त नाही.

खरी गल्लत होते ती शेवटी. शिक्षण पूर्ण झालं की ९० दिवसांत परमिट संपतं, कागदावर पुढची तारीख असली तरी! पदवीनंतरच्या वर्क परमिटच्या अर्जाला १८० दिवस असतात, हे ऐकून मुलं निवांत बसतात. बसू नका. स्टडी परमिट जिवंत असतानाच अर्ज केला, तर निकाल येईपर्यंत बहुतेकांना पूर्णवेळ काम करता येतं. कॉलेजचं पूर्णतेचं पत्र आणि गुणपत्रक वेळेत मागा, इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा शेवटच्या सत्रातच उरका, आणि पासपोर्टची मुदत बघा. ती कमी असेल तर वर्क परमिटही आधी तेवढंच मिळतं, आणि पासपोर्ट नवा करून उरलेली मुदत वेगळा अर्ज करून मागावी लागते. हे वर्क परमिट मिळतं एकदाच.