सातभाईंशी ओळख करायची असेल तर

पहिले पंधरा दिवस दुर्बीण घरीच ठेवा. सातभाई हा काही लांबच्या शेंड्यावर ठिपक्याएवढा दिसणारा पक्षी नव्हे. साळुंकीएवढा, मातकट राखाडी, पिसं विस्कटलेली, नुकताच अंथरुणातून उठून आल्यासारखा. दहा फुटांवर येतो. फक्त तुम्ही चालत राहता कामा नये.

मला हे गुडघ्याने शिकवलं. निवृत्तीनंतर मी रोज पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचे आणि वर्षभर त्यांच्या मागे-मागे फिरायचे. मी दोन पावलं टाकली की टोळी पुढच्या झुडपात. मग गुडघा दुखायला लागला, तशी खाणीच्या वरच्या अंगाला, गिरिपुष्पाच्या झाडीत एका दगडावर बसायला लागले. चौथ्या दिवशी टोळी माझ्या चपलेपाशी पाला उलटत होती.

म्हणून जागा एक, वेळ एक. सावलीत वाळका पाचोळा साचलेला असेल तिथे बसा. चोचीने एकेक पान बाजूला फेकत ते खालची वाळवी, नाकतोडे टिपतात. बसल्यावर पाच मिनिटांत नाही आले तर वीस मिनिटं थांबा. येताना एकदम येत नाहीत. एक उडतो, चार फडफडाटात पंख पसरून तरंगत खाली उतरतो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी पोरं जशी.

आपल्याकडे दोन जाती सहज भेटतात, त्यांची गल्लत करू नका. दाट झाडीत नि बागांत दिसतो तो साधा सातभाई. उघड्या माळावर, बाभळीबोरींत दिसतो तो करडा सातभाई थोडा मोठा. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात आणि आवाज सतत तक्रार केल्यासारखा, कें-कें-कें. या दुसऱ्याला दख्खनमधूनच कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी-निसर्गअभ्यासकाने 1832 साली शास्त्रीय नाव दिलं, तेही मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्यावरून. महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची, तोच हा.

मग मोजा. सातच असतील असं नाही. सहा ते दहा बहुधा, कधी जास्तही. मोजताना एकजण कायम चुकतो, कारण तो खाली नसतोच. तो वर फांदीवर राखण करत बसलेला असतो. त्याला शोधा, टोळी कळायला निम्मी मदत होते. थोड्या वेळाने तो खाली येतो, दुसरा वर जातो.

ओळख पटवायला डोळे बघा. मोठ्यांचे डोळे फिकट, दुधाळ. पक्षी आपल्यावर रागावलाय असं वाटावं. पिल्लांचे डोळे गडद. गडद डोळ्यांची दोन-तीन पोरं एकमेकांना पाठीवर पाडून पायांनी झोंबताना दिसली, तर ते भांडण समजू नका. खेळ चाललेला असतो.

कानांना दोन आवाज वेगळे करायला शिकवा. चरताना चालते ती बारीक किचकिच. पण सगळ्यांनी एकाच दिशेला चोची करून कर्कश कलकलाट मांडला की उठा आणि चोची जिकडे आहेत तिकडे बघा. मला अशीच एकदा धामण दिसली, दोनदा शिक्रा हा शिकारी पक्षी, आणि असंख्य वेळा मांजर.

घरट्याचं मात्र माझ्याकडून शिकू नका, माझ्या चुकीवरून शिका. एका जुलैत डोक्याएवढ्या उंचीवर घरटं सापडलं. आत निळी अंडी, निळी म्हणजे अगदी मोरचुदासारखी. मी फांदी वाकवून बघितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं आणि शेजारच्या झाडावर कावळा. तो माझ्यावर नजर ठेवून होता हे मला तेव्हा सुचलंच नाही. आता घरट्याची शंका आली की मी वाट बदलते. चोचीत अळी घेऊन आळीपाळीने जाणारे चार-पाच पक्षी लांबूनही दिसतात. आईबापांशिवाय टोळीतले बाकीचेही पिल्लांना भरवतात. पावसाळ्यात भरवलं जाणारं पिल्लू भलतंच दिसलं तर चकित होऊ नका. चातक आणि पावशा दोघंही आपली अंडी यांच्या घरट्यात टाकतात. ‘पेर्ते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला कामाला लावणारा पावशा स्वतःची पोरं मात्र सातभाईंच्या पदरात घालतो.

दुपारी ते फारसं काही करत नाहीत, तरी बसा. दोघं-तिघं खेटून बसतात, एक मान वाकडी करतो, दुसरा त्याच्या डोक्यातली पिसं एकेक करून विंचरतो. आमच्या जुन्या वाड्यात ओट्यावर दुपारची वेणीफणी चालायची, तीच तऱ्हा.

नेमकी मोजणी करायची तर संध्याकाळी, दिवे लागणीच्या आधी. झोपायला सगळे एकाच फांदीवर ओळीने खेटून बसतात आणि मधल्या जागेसाठी रेटारेटी होते. कडेचा उडतो, वरून येऊन मधे घुसतो, की नवा कडेचा कुरकुरतो. स्थिरावले की मोजा. काल सकाळी मला आठ सापडले होते, संध्याकाळी फांदीवर नऊ निघाले.