गेमिंग लॅपटॉप घेताना नुसतं 'आय७' बघू नका

गेल्या दिवाळीत भाच्याने दुकानातूनच फोन लावला. "मामा, जवळपास त्याच किमतीत आय७ मिळतोय, मग आय५ कशाला घेऊ?" मी म्हटलं, "पूर्ण नाव वाचून दाखव, शेवटच्या अक्षरासकट." दोन्ही इंटेल कंपनीचे प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू: एक होता कोअर आय७-१२५५यू, दुसरा कोअर आय५-१२४५०एच. गेमिंगसाठी मी त्याला दुसरा घ्यायला लावला.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. त्या आय७ मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत खरे, पण ताकदीचे म्हणजे परफॉर्मन्स कोअर दोनच, उरलेले आठ वीज वाचवणारे. आय५ मध्ये कोअर आठच, पण त्यातले चार ताकदीचे. आय७ ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, आय५ ची ४५. कागदावर आय७ चा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ आणि आय५ चा ४.४, त्यामुळे विक्रेताही बिनधास्त आय७ पुढे करतो. पण तो वेग थोड्या वेळापुरता असतो. गेम तासभर चालतो आणि तेवढा वेळ दम टिकवायला वॅट लागतात. म्हणून इंटेलमध्ये 'एच' किंवा 'एचएक्स' बघा. 'यू' पातळ, हलक्या ऑफिसच्या लॅपटॉपसाठी ठीक आहे.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत आणखी एक मेख आहे. तिथे तिसरा आकडा चिपची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू नाव नवं वाटतं, पण त्यातला २ म्हणजे झेन २ ही एएमडीची जुनी चिप-रचना, आणि कोअर फक्त चार. रायझन ५ ७६४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४, सहा कोअर. दोन्हीवर 'रायझन ५' च लिहिलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे प्रोसेसरवर सगळं बजेट ओतून ग्राफिक्स कार्डात काटकसर करणं. बहुतेक मोठ्या गेममध्ये आधी कार्डच अडतं. त्यातही कार्डाचे वॅट विचारा: लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० कार्ड लॅपटॉपच्या कंपनीनुसार ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालवलेलं असतं, नाव मात्र एकच.

लॅपटॉप आधीच घेतलाय आणि गेम अडखळतोय? मग प्रोसेसरला दोष देण्याआधी रिझोल्युशन कमी करून बघा. एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या) वाढले तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होतं. तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅमकडे वळा.

रॅमची तपासणी मी कधीच सोडत नाही. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर रॅम सिंगल चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेने चालते. त्याऐवजी ८-८ च्या दोन असतील तर बऱ्याच गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी विभागात किती स्लॉट वापरात आहेत ते कळतं. प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपमध्ये बोर्डाला सोल्डर केलेला असतो, तो बदलता येत नाही. स्लॉट रिकामा असेल तर पट्टी मात्र नंतरही घालता येते.

चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतो. आणि पहिली वीस मिनिटं छान चालून मग एफपीएस घसरत असतील तर ते उष्णतेचं लक्षण. भाच्याचंही तसंच झालं होतं: गादीवर ठेवून खेळत होता, खालच्या जाळ्या पूर्ण झाकलेल्या. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन बोटं उचलली आणि त्याचा गेम सुरळीत चालू लागला.