दसऱ्याआधी गिऱ्हाईक शोधायला निघताना

मागच्या वर्षी पोळा झाला तशी मी कामाला लागले. तीनशे कार्डं छापली, नागपुरातली इतवारी, गांधीबाग, धंतोली पायाखाली घातली, आणि दिवाळीपर्यंत चौकशी आली नाही. एकही नाही. म्हणून यंदाची तयारी लिहून काढतेय. वेबसाइट बनवून देण्याचा धंदा एकट्यानं करणाऱ्या कुणाच्या कामी आली तर बरंच.

कार्ड, बरा फोटो, चार्ज केलेला फोन हे सांगत बसत नाही.

सगळ्यात आधी स्वतःच्या साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरून बघा. म्हणजे तुम्ही नाही, दुसऱ्याकडून भरून घ्या. दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्याच्या जीमेलवरून, वायफाय बंद करून. आणि मेल आपल्या इनबॉक्सात पडला का ते डोळ्यांनी बघा. ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ ही हिरवी पट्टी दिसली म्हणजे मेल पोचला असं नसतं. माझ्याकडे ती पट्टी इमानेइतबारे दिसत होती आणि मेल कुठेच जात नव्हता. ऑगस्टमध्ये स्वस्त मिळालं म्हणून होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बदललं होतं. फॉर्म तपासला होता मे महिन्यात. जानेवारीत एका लग्नाच्या पंगतीत गांधीबागेतले एक कापडवाले भेटले. ‘म्याडम, दोन खेपा लिहिलं तुम्हाले, तुमचं उत्तरच नाही. मग दुसरा पोट्टा पाहिला.’ समोरची जिलेबी मला गिळवेना. वेबसाइट विकायला निघालेली बाई, आणि तिचीच वेबसाइट मुकी.

असं का होतं तेही समजून घ्या. वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, काही सांगितलं नाही तर साइट ज्या सर्व्हरवर आहे तिथल्याच पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतून मेल ढकलतं. पाठवणारा खरा आहे हे पटवायला डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदींमध्ये एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळखीची खूण लागते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल त्याबाबतीत कडक झालंय. तेव्हा एसएमटीपीचं, म्हणजे मेलच्या खात्यात रीतसर लॉगिन करून पाठवणारं, प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. ‘पाठवणारा’ या जागी आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवा. तिथे गिऱ्हाइकाचा पत्ता घातला तर मेल खोटा ठरून अडतो, तो ‘उत्तर कुणाला’ या रकान्यात जातो. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे फॉर्मचं प्लगइन वापरत असाल तर ते आलेले निरोप स्वतः साठवत नाही. त्याच्याच कर्त्याचं फ्लेमिंगो नावाचं प्लगइन जोडलं तर एक प्रत साइटवर राहते. माझ्याकडे ते असतं तर निदान कोणी कोणी लिहिलं हे तरी कळलं असतं. होस्टिंग बदललं, पुन्हा भरा. थीम, म्हणजे साइटचं रूप, बदललं, पुन्हा भरा.

मग गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि त्याच्या नकाशावर दिसणारी आपल्या धंद्याची नोंद. हे निघायच्या महिनाभर आधी करा, आदल्या रात्री नाही, कारण पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात आणि तो पहिल्या झटक्यात मंजूर होईलच असं नाही. घरून काम करत असाल तर घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. प्रोफाइलमध्ये साइटचा दुवा असतोच, साइटवर फॉर्म असतोच, आणि तो चालतो की नाही ते तुम्ही बघितलंय ना?

कुणाकडे जायचं? सरसकट सीताबर्डी पालथी घालू नका, पायांचे तुकडे पडतात आणि हाती काही लागत नाही. याच प्रोफाइलवर आधी फुकटात छोटी साइट बनवता यायची. गूगलनं ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांच्या पाटीवर किंवा बिलबुकावर अजून ‘बिझनेस डॉट साइट’ने संपणारा पत्ता दिसेल, ते तुमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना वेबसाइट कशाला लागते हे पटवावं लागत नाही, त्यांची होती आणि गेली. फोन काढा, त्यांच्याच पाटीवरचा पत्ता टाका, काय उघडतं ते दाखवा. पण दाखवताना हसू नका, दुकान त्यांचं आहे.

नमुने तीन पुरेत, आणि फोनवर. काउंटरवर लॅपटॉप उघडायला जागा नसते. नेट लटकलं तर म्हणून स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा. जुन्या गिऱ्हाइकाला न विचारता त्याचं काम दाखवू नका.

व्यापारी दुसऱ्या मिनिटाला विचारतो, ‘लागतील किती?’ तिथे ‘ते अवलंबून आहे’ म्हणालात की संपलं. आकडा सांगा, डोमेन आणि होस्टिंगचा दरवर्षीचा खर्च वेगळा सांगा, आणि डोमेन त्याच्याच नावावर घ्या. हे मी ओरडून सांगतेय. आपल्या नावावर ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यामुळे आपल्यालाही चोर समजतात. जीएसटी विचारलं तर गडबडू नका, सेवेसाठी वर्षाला वीस लाखांच्या आत असाल तर सहसा नोंदणी लागत नाही.

वेळ. दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून लक्ष्मीनगर, रामदासपेठेकडे भेट ठरवू नका. दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, रस्ते वळवलेले असतात. धनत्रयोदशीच्या आठवड्यात सराफाकडे जायचं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं. धंतोलीत डॉक्टरांची वाट बघत बसण्यापेक्षा आधी रिसेप्शनवरच्या ताईंशी बोला, साइटवरची वेळ चुकीची असली की शिव्या त्याच खातात.

व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट करणार असाल तर एका यादीत २५६ जण बसतात, पण निरोप मिळतो तो तुमचा नंबर सेव्ह असलेल्यालाच. म्हणून कार्ड देताना तिथेच मिस्ड कॉल, तिथेच सेव्ह.

बाकी पटापट. निम्मे पैसे आधी. काय देणार, किती वेळा बदलून देणार, एका कागदावर. तिसऱ्या दिवशी एक फोन, दहा नाही. वही ठेवा. पाणी ठेवा, ऑक्टोबरचं ऊन आहे.

आत्ताच भावाला फोन केला, फॉर्म भर म्हणून. ‘परवाच तर भरला,’ म्हणे. भर बाप्पा, काल प्लगइन अपडेट केलंय.