माझी किक फोनवर का गायब व्हायची

बीट बनवायला लागलो त्या पहिल्या वर्षात मी एकच चूक शंभरदा केली. किक (बेस ड्रमचा ठोका) ऐकू येत नाही? वाढव आवाज. हेडफोनवर छातीत बसणारी किक फोनवर लावली की टिचकीएवढीही उरायची नाही. मग फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर सरकवायचो. फोनवर तरीही जेमतेमच, आणि इकडे मॉनिटरवर (मिक्स ऐकायच्या स्पीकरवर) अख्खं गाणं तिच्याखाली गुदमरलेलं. नव्याने शिकणाऱ्यांकडून हीच तक्रार अजून ऐकतो, म्हणून हे लिहितोय.

मी वापरत होतो ती किक टीआर-८०८ या ड्रम मशीनची. रोलँडने हे मशीन १९८० ते १९८३ या काळात बनवलं. त्यात ड्रमचं रेकॉर्डिंग नाही. एक बारीक पल्स रेझोनन्सच्या सर्किटला टोचा देतो आणि ते सर्किट घंटेसारखं घुमत घुमत विझतं. हा घुमारा साधारण ५० हर्ट्झच्या आसपासचा, जवळजवळ निव्वळ साइन वेव्ह. वर ओव्हरटोन, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, नावापुरतेच. फोनचा इवलासा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच असतो. म्हणजे ८०८ च्या किकमधलं त्याला वाजवता येईल असं काय उरलं? फक्त सुरुवातीची ‘टिक’. जे त्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही, ते फेडर वाढवून कसं पडणार? १९८३ मध्ये आलेल्या रोलँडच्याच ९०९ मशीनच्या किकचं तसं नाही. तिची पिच वरून झपकन खाली घसरते आणि ठोक्याच्या धारेसाठी अटॅकचा वेगळा नॉब आहे, त्यामुळे छोट्या स्पीकरवरही तिचा ठोका कळतो.

माझी सुटका केली ती सॅच्युरेशनने, म्हणजे लहर मुद्दाम चेपण्याने. ५० हर्ट्झची लहर थोडी चेपली, की १००, १५०, २००, २५० असे ओव्हरटोन तयार होतात. (चेपणं दोन्ही बाजूंनी अगदी सारखं असेल तर १५०, २५० असे विषमच मिळतात.) आपला कान मोठा लबाड: वरचे ओव्हरटोन ऐकले, की खालचा मूळ स्वर प्रत्यक्षात नसला तरी तो स्वतःच भरून घेतो. मी किकची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर घेतो, तिच्यावर डिस्टॉर्शन (तेच चेपणं, जरा जोरात) लावतो, मग हाय-पास फिल्टर लावून खालचा भाग काढतो आणि फोनवर ऐकत ती हळूहळू मूळ किकमध्ये मिसळतो. क्रम हाच ठेवा. मी आधी हाय-पास लावला होता आणि डिस्टॉर्शनला चावायला काही उरलंच नाही. अर्धा तास प्लगइनला शिव्या घातल्या. आणखी एक: फिल्टर फेज (लहर वर-खाली होण्याची वेळ) फिरवतो, त्यामुळे दोन्ही प्रती एकत्र वाजल्यावर किक पोकळ वाटली तर लहर उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण दाबून बघा.

हे जमलं आणि मग दुसरी फजिती झाली, पहिलीपेक्षा मोठी.

माझी खोली ३.४ मीटर लांब आणि खुर्ची बरोबर मध्यावर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला खोलीच्या दुप्पट लांबीने भागा: ५० हर्ट्झ. म्हणजे दोन भिंतींच्या मध्ये नेमकी माझ्या किकचीच स्थिर लहर उभी राहत होती, आणि अशा लहरीत मध्यावर खड्डा असतो. मी त्या खड्ड्यात बसून ‘किकला बुडच नाही’ म्हणत इक्यूवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचा आवाज कमी-जास्त करायच्या साधनावर) ५० ला ६ डीबी चढवले. दुखणं रेड्याला, औषध पखालीला. मोठ्या सबवूफरवर तो ट्रॅक लागला तेव्हा किक कुठली आणि बेस कुठला, काही कळेना, नुसती घरघर. सिस्टिम सांभाळणाऱ्याने काही न बोलता लो-एंड, म्हणजे खालचे स्वर, खाली ओढलं. त्याचं ते न बोलणंच जास्त लागलं.

तुम्ही हे दहा मिनिटांत तपासू शकता. ५० हर्ट्झचा साइन टोन मध्यम आवाजात लावा आणि खोलीभर चाला. भिंतीपाशी तो फुगेल, कुठेतरी अचानक नाहीसा होईल. खुर्ची नेमकी तिथेच असेल तर ती हलवा. इक्यूने खड्डा बुजत नाही, हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधी उरलेली जागा, मात्र संपते.

सबवूफरवर आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे किकची लांबी. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ५०० मिलिसेकंद असतात. प्रत्येक ठोक्याला किक असेल आणि डिके, म्हणजे किक विझायला लागणारा वेळ, ७०० चा असेल, तर शेपटी पुढच्या किकवर चढते. पाच इंची मॉनिटरवर ती शेपटी धड ऐकूच येत नाही, म्हणून मी वेव्हफॉर्म डोळ्यांनी बघतो. लो-एंड मोनोच (डाव्या-उजव्या बाजूला सारखं) ठेवतो. त्यावर जास्त वाद घालण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर विश्वास जपून. त्यांतले बरेचसे आवाज वाढवला की स्वतःला वाचवायला बेस गुपचूप कमी करतात, तेव्हा दोन वेगवेगळ्या आवाजांवर ऐका. उलट, हळू आवाजात आपलाच कान खालच्या स्वरांना मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. रात्री दबक्या आवाजात केलेला मिक्स सकाळी बेसने फुगलेला वाटतो, तो यामुळेच.

मध्यंतरी त्या फजितीवाल्या ट्रॅकची फाइल पुन्हा उघडली. ५० वरचा ६ डीबीचा डोंगर जसाच्या तसा होता. तो काढला, डिके आखडता घेतला, सॅच्युरेशनची प्रत घातली. फोनवर लावून ऐकलं तर किक होतीच, आणि हेडफोनवर त्या गाण्यातली बेसलाइन मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. तिसऱ्या बारला एक सूर चुकीचा होता.