रॅपिडचे तीन सेकंद: २५ मीटर पिस्तूलच्या सरावात या चुका टाळा

महिलांच्या २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात पहिले ३० शॉट प्रिसिजनचे (सावकाश, अचूक नेमाचे) आणि पुढचे ३० रॅपिडचे (झटपट नेमाचे) असतात. रॅपिडमध्ये ३ सेकंद हिरवा दिवा आणि ७ सेकंद लाल. प्रत्येक शॉटसाठी हात खालून वर आणायचा आणि एकच गोळी झाडायची. एवढे कळले की नव्या मुलींना वाटते, वेग बोटात असतो. बहुतेक चुकांचे मूळ याच समजुतीत आहे.

त्यांतली सर्वांत हट्टी चूक म्हणजे ट्रिगर झटकणे. साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) दहावर, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळावर, आली असे क्षणभर दिसते आणि ती निसटण्याआधी बोट एकदम दाबले जाते. आमच्या रेंजवर राज्य स्पर्धेची तयारी करणारी एक मुलगी होती. प्रिसिजनमध्ये तिचा ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) देखणा बसे, पण रॅपिड सुरू झाले की उजव्या हाताने नेम धरणाऱ्या या मुलीचे शॉट खाली डावीकडे जात. ती दर सिरीजनंतर (पाच शॉटनंतर) साइट सरकवणाऱ्या स्क्रूचे क्लिक फिरवी. वडिलांनी ग्रिप (पिस्तुलाची मूठ) बदलून आणली आणि पुढे नव्या पिस्तुलाचीही चौकशी सुरू केली. शेवटी मी तिच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एक डमी (न उडणारी नकली गोळी) मिसळली. डमी आली त्या वेळी गोळी सुटली नाही, धक्का बसला नाही, तरीही नळी स्पष्टपणे खाली गेली. ती पिस्तुलाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, हे मीच केलं?”

क्लिक पूर्ववत केले, जुनी ग्रिप परत बसवली आणि तिला लक्ष्याऐवजी कोऱ्या पांढऱ्या कागदावर रॅपिड करायला लावले. नेम धरण्यासारखे काही समोर नसले की डोळा फ्रंट, म्हणजे पुढच्या, साइटवर टिकतो आणि बोटाला घाई करण्याचे निमित्त उरत नाही. तिच्या वडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता, आणि पालकांची ही अधीरता मुलांच्या हातात उतरते असे माझे ठाम मत आहे. २५ मीटर पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला नियमानुसार किमान १००० ग्रॅमचा भार लागला पाहिजे. त्यातला बराचसा भार हात वर येत असतानाच बोटावर घेतला, तर शेवटी झटकण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी चूक हात उचलण्याची. दिवा लागताच हात वर फेकला जातो, तो दहाच्या वर जातो, मग खाली आणला जातो, आणि या दुरुस्तीतच निम्मा वेळ संपतो. हात उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत खाली असावा, असा नियम आहे. तेथून पहिल्या सेकंदात वेगाने निघून वर येता येता मंदावला पाहिजे, म्हणजे दोन्ही साइट जुळलेल्या अवस्थेतच लक्ष्याच्या काळ्या भागात शिरतात. हे जुळणे का महत्त्वाचे, ते साध्या गणिताने पटते. दोन साइटमधले अंतर २२ सेंटीमीटर धरले, तर फ्रंट साइट मागच्या खाचेत अवघी १ मिलिमीटर सरकल्यास २५ मीटरवर गोळी ११ सेंटीमीटरांहून अधिक ढळते. साइट जुळलेल्या असताना आख्खा हात १ सेंटीमीटर सरकला, तर मात्र चूक १ सेंटीमीटरचीच राहते. म्हणून हाताच्या थरथरीची चिंता सोडा आणि साइटची करा. मी हा सराव गोळीविना, घरच्या मोकळ्या भिंतीसमोर करवून घेतो. त्या वेळी गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात असल्याच पाहिजेत. पॉइंट टू-टूचे (०.२२ इंची) रिमफायर पिस्तूल, म्हणजे ज्यात पिन गोळीच्या कडेवर आदळते ते, रिकाम्या चेंबरवर (नळीतल्या गोळीच्या जागेवर) चालवू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती खराब होते.

घड्याळ लावून ‘आज दोन सेकंदांत मारून पाहू’ हा प्रकार माझ्या रेंजवर बंद आहे. तीन सेकंद मिळत असताना लवकर मारल्याचे गुण कोणी देत नाही. फायनलमध्ये तर १०.२ च्या आत बसलेला शॉटच ‘हिट’ धरला जातो, बाकी सारे शून्य. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक याच पद्धतीत, शूट-ऑफपर्यंत (बरोबरी सोडवणाऱ्या जादा शॉटपर्यंत) ताणलेल्या लढतीत ठरले होते.

प्रत्येक शॉटनंतर मॉनिटरकडे मान वळवू नका. पाच शॉट झाल्यावर ग्रुप पाहा. सिरीजच्या मध्येच ग्रिप सैल करून पुन्हा धरू नका. एका शॉटवरून साइट कधीच फिरवू नका. आणि खांदा भरून आल्यावर ‘अजून एकच सिरीज’ असा आग्रह धरू नका, कारण त्या सिरीजमध्ये हात जे शिकतो ते दुसऱ्या दिवशी पुसावे लागते. त्यापेक्षा मॅगझिन काढा, चेंबर रिकामे दाखवा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) घाला आणि थांबा.