रंगाची बाटली उघडण्याआधी

ओलं करून नक्षी कोरलेलं चामडं एक रात्र वाळलं की काम भागतं असं शिकवतात, पण गोव्यात जून ते सप्टेंबर दोन रात्री धरा. वाळलंय का ते गालाला लावून बघायचं. थंड लागलं तर आत ओल आहे.

चामडं ओलं करायला पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड आणा. आमच्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात पाण्यात लोह असू शकतं आणि झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. दोघांची गाठ पडली की निळसर काळा डाग! मी एकदा ओल्या पॅनलवर लोखंडी पट्टी विसरलो आणि सकाळी तिचा चोख ठसा उमटला होता. लिंबाच्या रसाने फिकट झाला, गेला नाही.

त्याच कातड्याचा एक तुकडा चाचणीसाठी राखून ठेवा. ओला रंग फसवतो, म्हणून वाळवून, घासून मगच ठरवा. हातमोजे, जुन्या बनियनचे तुकडे, दोन बारीक ब्रश जवळ हवेत. खिडक्या उघड्या हव्यात. स्पिरिट डाय, म्हणजे स्पिरिटमध्ये कालवलेला रंग, पेट घेतो, त्यामुळे देवघरातली समई शांत झाल्यावरच बसा.

मला कावीच्या, म्हणजे गोव्यातल्या तांबड्या भित्तिचित्रांच्या, भिंतीसारखी तांबडी पार्श्वभूमी आणि फुलं चामड्याच्या मूळ रंगात हवी होती. अशा वेळी भरलेला ब्रश थेट कोरलेल्या रेषेवर नेऊ नका. आधी मोकळ्या जागेच्या मधोमध टेकवा, ब्रश थोडा कोरडा पडू द्या, मग रंग हळूहळू रेषेपर्यंत ढकला. रेष खोल कापलेली असेल तर रंग तिथेच थांबतो. उथळ असेल तर पाकळीत शिरतो, आणि त्याला उपाय नाही.

एक दिवस वाळू द्या. कापडाला रंग लागेनासा होईपर्यंत घासा, नाहीतर वरचा थर लावताना तांबडं फुलांवर पसरेल. मग रेझिस्टचा, म्हणजे खालचा रंग राखणाऱ्या लेपाचा, पातळ हात, तो सुकल्यावर खाचा गडद करणारी अँटिक पेस्ट. ती खाचांत भरली की वरची लगेच पुसायची, चहा प्यायला उठायचं नाही. शेवटच्या फिनिशचे दोन पातळ हात पुरेत. बाटली हलवू नका, फेस येतो.

कडा पाणी लावून लाकडाने घोटायच्या, ते कंटाळवाणं काम मुलांना द्या. तयार वस्तू प्लॅस्टिकमध्ये मात्र गुंडाळू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. जुनं सुती लुगडं चालेल.